गाठ साधी आहे, मग मानेचं एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

नमस्कार डॉक्टर,
आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझी मुलगी १७ वर्षांची आहे, बारावीत शिकते. तीन-चार महिन्यांपासून तिची मान दुखत होती. अभ्यास आणि मोबाईलमुळे असेल म्हणून आम्ही बाम चोळत राहिलो. गेल्या आठवड्यात वडिलांच्या मागे गाडीवर बसून येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि तिला मानच उचलता येईना. एमआरआयमध्ये मानेचा पाचवा मणका निम्म्याहून जास्त दबलाय, मान थोडी पुढे झुकलीय आणि त्याच मणक्यात गाठ आहे असं निघालं. गाठ मणक्याच्या एका बाजूने मागेही गेलीय. रिपोर्टमध्ये 'अॅन्युरिझमल बोन सिस्ट किंवा जायंट सेल ट्यूमर' असं लिहिलंय. हातापायांत ताकद आहे. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि म्हणाले, कॅन्सर वाटत नाही, पण मुंबईला जा, ऑपरेशन लागेल. दुसरे डॉक्टर म्हणाले, टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू. माझे थोरले दीर म्हणतात, कॅन्सर नाही तर मानेला सुरी कशाला लावायची, पट्ट्याने हाड जुळेल. त्यांच्या ओळखीचे एक हाडवैद्यही आहेत. सुईने तपासलं तर गाठ पसरते असं सगळेच सांगतात. मुलगी परीक्षेचं विचारते. काय करू?
– एक आई

ताई,

हाडवैद्याकडे नेऊ नका. बाकीचं सगळं सविस्तर सांगते, पण ही गोष्ट आजच ठरवून टाका. चोळणं नाही, ओढणं नाही, मान 'मोकळी करणं' नाही. पाचव्या मणक्यामागून मज्जारज्जू जातो. हातांच्या नसा त्याच भागातून निघतात आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसेची मुळं तिसऱ्या ते पाचव्या नसेत असतात. आज तिच्या हातापायांत ताकद आहे, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. ती ताकद टिकवणं हे पहिलं काम. गाठीचं नाव आणि तिचा उपचार त्याच्या मागून येतात.

म्हणून आधी पट्ट्याबद्दल. मऊ स्पंजचा पट्टा असेल तर तो चालणार नाही. हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू दोन्ही धरणारा कडक कॉलर हवा. फिलाडेल्फिया कॉलर म्हटलं की दुकानदाराला कळतं. मापाचा आहे की नाही ते डॉक्टरांकडून बघून घ्या. तो दिवसरात्र राहील, झोपेतही. अंघोळ सध्या विसरा, आडवं ठेवून ओल्या फडक्याने अंग पुसा. कॉलरचा पुढचा भाग पुसण्यासाठी काढायचा असेल तर ती उताणी असताना एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने काम करायचं. हनुवटीखाली, कानामागे आणि डोक्याच्या मागे कातडी लाल झाली का ते रोज बघा. केस लांब असतील तर वेणी कॉलरच्या बाहेर, बाजूने काढा. आत दबलेल्या केसांनी जखमा होतात आणि मग कॉलर सैल करायचा मोह होतो. कूस बदलताना डोकं, खांदे आणि कंबर एकदम, एका ओळीत फिरवायची. त्याला तीन माणसं लागतात, लाजू नका, शेजाऱ्यांना बोलवा. घास लहान द्या, कारण हनुवटी बांधलेली असताना ठसका लागू शकतो. दुचाकी आणि रिक्षा पूर्ण बंद.

हाताला मुंग्या वाढल्या, बटणं लावता येईनात, अक्षर बिघडलं, चालताना तोल जाऊ लागला, चप्पल पायातून निसटलेली कळेना, पाठीतून खाली विजेसारखी कळ गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ला फोन करा आणि मणक्याचे सर्जन असलेल्या सर्वात जवळच्या हॉस्पिटलात न्या. तेव्हा मुंबई-पुण्याचा हट्ट नको.

आता तुमच्या दिरांचा प्रश्न. त्यांना चूक म्हणून गप्प करू नका, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या घरात तोच निर्णय अडवून बसलाय. गाठ कॅन्सरची नसेल तर ती बहुधा जिवावर उठत नाही, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण मणका दबला तो गाठ वाईट जातीची आहे म्हणून नव्हे, गाठीने आतलं हाड खाल्लं म्हणून. वाळवीने पोखरलेली तुळई वाकली की वाळवी विषारी आहे का हे कोणी विचारत नाही, आधी टेकू लावतात. निरोगी हाड मोडलं की पट्ट्यात जुळतं, कारण दोन्ही टोकांना जिवंत, मजबूत हाड असतं. इथे मोडलेल्या जागी रक्ताने भरलेल्या पोकळ्या किंवा गाठीचा मांसल भाग आहे. गाठीचा बंदोबस्त होईपर्यंत त्या जागी भरवशाचं हाड धरत नाही. आणि कॉलर कितीही चांगला असला तरी मानेच्या खालच्या मणक्यांची हालचाल तो कमी करतो, थांबवत नाही.

ऑपरेशन लागेल हे डॉक्टरांनी अंदाजाने म्हटलेलं नसणार. २०१० मध्ये मणक्यांच्या सर्जनांनी गाठीने कमजोर झालेला मणका किती डळमळीत आहे हे मोजायला एक गुणपद्धत केली, तिला सगळे 'सिन्स' म्हणतात. ती मुळात शरीरात पसरलेल्या कॅन्सरसाठी केलेली आहे, पण मणक्यावर पडणाऱ्या भाराचं गणित तेच असल्यामुळे साध्या गाठीतही सर्जन ती नजरेसमोर ठेवतात. तुम्ही लिहिलंत त्यावरून मी आकडे मांडून बघितले. मानेचा मधला, हलता भाग: २. मान हलवली की, भार पडला की दुखतं: ३. हाड खाल्लेलं: २. मान नव्याने पुढे झुकली: २. मणका निम्म्याहून जास्त दबला: ३. गाठ एका बाजूने मागच्या भागातही गेली: १. बेरीज १३. एकूण गुण १८. सहापर्यंत मणका स्थिर धरतात, ७ ते १२ म्हणजे काठावर, १३पासून पुढे अस्थिर. सर्जन प्रत्यक्ष फिल्म बघून यात एखादा गुण इकडेतिकडे करतील, पण हा कागद दिरांपुढे ठेवा. 'कॅन्सर नाही' हे त्यातल्या एकाही ओळीत विचारलेलं नाही.

टीबीच्या गोळ्यांबद्दल मी जरा स्पष्टच लिहिते. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो येणं चुकीचं नाही. पण टीबी सहसा दोन मणक्यांमधली चकती आणि शेजारचे दोन्ही मणके खातो, आजूबाजूला पू साठतो. गाठ बहुतेक वेळा एकाच मणक्यात असते आणि चकती शाबूत ठेवते. तिच्या रिपोर्टमध्ये चकत्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. तरीही शंका उरली तर बायॉप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या गाठीचा, एक तुकडा सीबीनॅट आणि कल्चर या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्यांना पाठवायचा, की प्रश्न मिटला. तपासणीशिवाय दोन-तीन महिने गोळ्या 'चालवून बघणं' म्हणजे डळमळीत मान तेवढे महिने तशीच सोडणं. हे मला मान्य नाही आणि कुठल्याही मणक्याच्या सर्जनला मान्य होईल असं वाटत नाही.

सुईने गाठ पसरते ही भीती गावोगाव आहे. बायॉप्सी केल्याने साधी गाठ कॅन्सरची होत नाही. खरी काळजी निराळीच आहे: सुई कुठून घातली. पुढे ऑपरेशन ज्या वाटेने होणार त्याच वाटेने सुई जायला हवी, कारण गाठ आक्रमक निघाली तर सुईची वाटही काढावी लागते. शिवाय मानेत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हाडातल्या भोकांमधून वर चढतात. म्हणून ही बायॉप्सी सीटी स्कॅनच्या देखरेखीखाली, आणि जे सर्जन ऑपरेशन करणार त्यांच्याशी बोलूनच व्हावी. घाईने, जवळ आहे म्हणून कुठेही करू नका.

आणि ती टाळूही नका. एमआरआयच्या रिपोर्टमधला 'किंवा' किती मोठा आहे हे सांगते. अॅन्युरिझमल बोन सिस्ट म्हणजे हाडातल्या रक्ताच्या पोकळ्या, बहुतेक रुग्ण विशीच्या आतले. एमआरआयमध्ये त्या पोकळ्यांत रक्ताचे थर बसलेले दिसतात. पण असेच थर जायंट सेल ट्यूमरमध्ये, ऑस्टिओब्लास्टोमा या हाडाच्या दुसऱ्या साध्या गाठीमध्ये आणि क्वचित एका खऱ्या कॅन्सरमध्येही दिसतात, त्याचं नाव टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा. डॉक्टरांना कॅन्सर वाटत नाही, मलाही तुमच्या वर्णनावरून वाटत नाही, पण १७ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत 'वाटत नाही'वर थांबायचं नसतं. लहान मुलांत इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा नावाचा आजार मणका चपटा करतो, आणि तो निघाला तर पुष्कळदा नुसत्या कॉलरवर आणि नजर ठेवण्यावर भागतं, चपटा मणका वर्षा-दोन वर्षांत थोडी उंचीही धरतो. म्हणजे दिरांचं म्हणणं खरं ठरण्याची एक वाट आहे, तीसुद्धा बायॉप्सीतूनच जाते.

एक स्वस्त तपासणी मात्र आधी करून घ्या, ती मिरजेतही होईल: रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या तर हाडात जी गाठ होते ती सूक्ष्मदर्शकाखाली जायंट सेल ट्यूमरसारखीच दिसते. तिथे उपचार ग्रंथीचा असतो, हाड मग भरत जातं. ही तपासणी राहून गेल्यामुळे हाडावर नाहक मोठं ऑपरेशन झालं असं होऊ नये.

आता समजा, सिस्टच निघाली. अशा सिस्टमध्ये हाड मोडलेलं नसेल तर हल्ली न कापताही उपाय करतात. मांडीतून नळी घालून गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करायच्या, किंवा पोकळीत औषध टोचून ती सुकवायची. दिल्लीच्या एम्सच्या सर्जनांनी पॉलिडोकॅनॉल या औषधाच्या इंजेक्शनांचा ७२ रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो चांगला होता. कोणीतरी तुम्हाला मोबाईलवर हे पाठवणारच, म्हणून आधीच सांगते: ते बहुतांशी हातापायांच्या हाडांचं काम आहे. मानेत टोचलेलं औषध मेंदूकडच्या रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका असतो, आणि दबलेला, झुकलेला मणका त्याने उद्याच्या उद्या उभा राहत नाही. हाड भरायला महिने लागतात. तेवढा वेळ तिच्या मानेकडे आहे का, हा प्रश्न.

म्हणून तिच्यासारख्या मानेत बहुधा असं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात, कारण या गाठी कापताना फार रक्त सांडतं. भूल देताना मान मागे न झुकवता, दुर्बिणीच्या मदतीने श्वासनळी घालतात. गळ्याच्या पुढून जाऊन पोखरलेला मणका आणि गाठ काढतात, त्या जागी जाळीचा पिंजरा आणि हाडाचे तुकडे बसवून धातूची पट्टी लावतात. मागेही गाठ असेल किंवा टेकू अपुरा वाटला तर मागून स्क्रू आणि सळ्या घालतात, कधी त्याच दिवशी, कधी काही दिवसांनी. मज्जारज्जूचे संदेश ऑपरेशनभर यंत्रावर तपासत राहतात. ही सोय त्या हॉस्पिटलात आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

धोके आहेत. आवाज काही दिवस घोगरा होतो, गिळायला त्रास होतो, क्वचित खांदा उचलायची ताकद काही काळ जाते, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि मज्जारज्जूला इजा होण्याची थोडी का होईना शक्यता राहते. पण आयाबाया ज्याला सर्वात जास्त घाबरतात ते, म्हणजे 'मान कायमची जखडणार', ते तितकं खरं नाही. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम सगळ्यात वरचे दोन मणके करतात आणि तिचे ते शाबूत आहेत. चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचा भाग जोडला गेला तरी ती मागे वळून बघेल, फक्त थोडी कमी.

जायंट सेल ट्यूमर निघाला तर डाव वेगळा. तो साधा असूनही पुन्हा उगवण्यात पटाईत आहे, आणि थोड्या रुग्णांत फुप्फुसातही जातो, म्हणून छातीचा सीटी लागतो. त्यासाठी डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे: १२० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर चार आठवड्यांनी, आणि पहिल्या महिन्यात आठव्या व पंधराव्या दिवशी जादा. जी गाठ काढता येत नाही किंवा काढली तर मोठं अपंगत्व येईल अशा गाठीसाठी अमेरिकेत ते २०१३ मध्ये मंजूर झालं. त्याने गाठीभोवती हाड कडक होतं, दुखणं उतरतं, पण औषध थांबलं की गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायचे, कारण जबड्याचं हाड क्वचित खराब होतं. चालू असताना कॅल्शियम कमी होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या, आणि कोवळ्या वयात थांबवल्यावर कॅल्शियम उलट फार वाढू शकतं, म्हणून पुढेही रक्त तपासत राहायचं. पुढे कधी लग्न-बाळंतपणाचा विषय निघाला तर डॉक्टरांना हे औषध घेतल्याचं सांगायचं, गरोदरपणात ते चालत नाही. दोन्ही गाठींना रेडिएशन मात्र शक्य तोवर टाळतात, कारण पुढे अनेक वर्षांनी त्याच जागी कॅन्सर होण्याचा धोका असतो. मुलीपुढे अख्खं आयुष्य आहे.

सिमेंट भरून मणका टेकवण्याबद्दलही कोणी सांगेल. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीच्या मणक्यात ते उत्तम. कोवळ्या वयात, मानेत, आणि मणक्याची मागची भिंत फुटलेली असेल तर सिमेंट मज्जारज्जूकडे गळू शकतं.

तारीख मिळायला वेळ लागणार असेल आणि मान आणखी झुकतेय असं दिसलं तर हेलो व्हेस्टबद्दल विचारा. डोक्याच्या हाडाला साधारण चार स्क्रूंनी धरलेलं कडं आणि छातीच्या जाकिटाला जोडलेल्या सळ्या. बघायला भीती वाटते, पण कॉलरपेक्षा मान कितीतरी घट्ट राहते.

कुठे जायचं? जिथे मणक्याचे सर्जन, हाडांच्या गाठींचे तज्ज्ञ आणि रक्तवाहिनीत नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली आहेत तिथे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल कॅन्सरचं म्हणून अनेक घरं तिकडे पाऊल टाकायला कचरतात. तिथे हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे आणि साध्या गाठीही तो बघतो, तेव्हा पाटी वाचून घाबरू नका. सीटी स्कॅन आणि रक्ततपासण्या मिरजेत उरकून घ्या, एमआरआयची नुसती कागदी प्रत नको, सीडी हवी. बायॉप्सी कुठेही झाली तरी त्या तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि मेणातले ठोकळे (ब्लॉक) मागून घ्या, ते तुमचेच आहेत. एसटी किंवा गाडीत बसवून नेऊ नका, अॅम्ब्युलन्समध्ये आडवं करून, कॉलर आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार देऊन न्या.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात बोलणं झालंच असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा आणि नेमकी ही शस्त्रक्रिया बसते का ते दाखल होण्यापूर्वीच विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आताच काढायला टाका, भाऊजींना हे काम द्या. त्यांची तळमळही खरी आहे आणि दाखल्याला चकरा माराव्या लागतात.

बाम चोळत राहिलात म्हणून स्वतःला कोसू नका. बारावीच्या मुलीची मान दुखतेय म्हटल्यावर हाडात गाठ असेल असं कोणाच्याही डोक्यात येत नाही. मात्र रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं किंवा मान एका बाजूला वाकडी करणारं दुखणं कोवळ्या वयात असेल तर एक एक्स-रे काढायलाच हवा, हे इतर वाचकांसाठी.

परीक्षेचं तिला खरं सांगा. हात चालत असले तरी तीन तास मान खाली घालून लिहिणं या वर्षी जमणार नाही. पुरवणी परीक्षेचा आणि लेखनिक मिळण्याचा अर्ज कॉलेजमार्फत बोर्डाकडे करता येतो, प्राचार्यांना डॉक्टरांचं पत्र द्या. ऑपरेशननंतर हाड धरेपर्यंत साधारण तीन महिने जपावं लागतं, आणि पुढची काही वर्षं, पहिली दोन तर नक्कीच, दर तीन-सहा महिन्यांनी स्कॅनसाठी मुंबईची फेरी आहे. गाठ परतली तर बहुधा याच काळात परतते, आणि लहान असताना दिसली तर तिचं थोडक्यात करता येतं. हे सगळं ठरवताना मुलीला खोलीबाहेर ठेवू नका. १७ वर्षांची आहे, सायन्सची असेल तर तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल. तिच्या वहीत प्रश्न लिहायला सांगा आणि सर्जनना तेच वाचून दाखवू द्या. बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा.